शेतकरी आठवडे बाजार: नोंदणी, लेबल आणि पैशाचा हिशेब

शेतकरी आठवडे बाजारांविषयी आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: आमची पुरंदर तालुक्यात अंजिराची छोटी बाग आहे आणि बांधाकडेने मेथी, घेवडा, कोथिंबीर असते. आमच्या गटातर्फे दर रविवारी पुण्यातील आठवडे बाजारात आम्ही माल मांडतो. गेल्या हंगामापासून फुटलेल्या अंजिरांचा घरी जॅम करून तोही विकू लागलो आहोत. शेजारचे विक्रेते म्हणतात की खाण्याची कोणतीही वस्तू विकायला परवाना लागतोच. आमचे गटप्रमुख म्हणतात की शेतकऱ्याला काहीच लागत नाही. कोणाचे ऐकावे?
– एक शेतकरी महिला, पुरंदर

उत्तर: दोघांचेही अर्धे अर्धे ऐकावे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 याच्या कलम 18 मध्ये शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे आणि शेतकऱ्याने आपल्या शेतावर पिकवलेला माल यांना हा कायदा लागू होणार नाही, असे स्पष्ट म्हटलेले आहे. त्यामुळे आपल्या बागेतील अंजीर, बांधावरची मेथी आणि घेवडा आपण स्वतः विकत असाल, तर त्यासाठी अन्न नोंदणीची गरज नाही. मात्र ही सूट पिकवणाऱ्याच्या हातात असलेल्या मालाला आहे. तेच अंजीर आपल्याकडून घेऊन एखाद्या व्यापाऱ्याने मांडले, तर कायद्याच्या दृष्टीने ते ‘प्राथमिक अन्न’ ठरते आणि त्याला नोंदणी घ्यावी लागते. आपला माल कमी पडला म्हणून शेजारच्या बागेतून चार क्रेट विकत घेऊन आपल्याच पाटीखाली ठेवले, तर त्या चार क्रेटपुरत्या आपणही व्यापारी झालात, हे ध्यानात ठेवावे. गटाचेही असेच आहे. सभासदांनी आपापला माल आपापल्या नावाने विकला तर सूट राहते. गटाने किंवा शेतकरी कंपनीने माल एकत्र खरेदी करून, निवडून, आपल्या नावाने विकला, तर गटाने नोंदणी घेणे योग्य.

जॅमचा प्रश्न वेगळा आहे. पाकात शिजवून बाटलीत भरलेले अंजीर हा शेतमाल राहत नाही, तो अन्नव्यवसाय होतो, मग तो घरच्या चुलीवर का केलेला असेना. 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांत लहान व्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवलेली आहे. त्या नियमांतील मूळ वर्गवारीनुसार वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असणारे, आणि दूध व मांस सोडून इतर पदार्थ दिवसाला 100 किलो किंवा 100 लिटरपर्यंत तयार करणारे, या नोंदणीत बसत. शुल्क वर्षाला 100 रुपये असे ठरवलेले होते. या मर्यादांत आणि शुल्कांत सुधारणा होत असतात, म्हणून अर्ज भरताना ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशी काय लिहिलेले आहे ते पाहावे. नमुना ‘अ’ मधील अर्ज, छायाचित्र, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम भागते. अर्ज केल्यापासून 7 दिवसांत नोंदणी द्यावी, किंवा कारण देऊन नाकारावी, किंवा तपासणीची सूचना काढावी, असा नियम आहे. या 7 दिवसांत काहीच घडले नाही, किंवा तपासणी निघूनही 30 दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर व्यवसाय सुरू करता येतो. ही तरतूद फार थोड्या अर्जदारांना ठाऊक असते. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे छायाचित्र असलेले ओळखपत्र बाजारात मांडणीवर सहज दिसेल असे लावावे लागते.

कागदापेक्षा पातेल्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. ‘जॅम’ हे नाव लावायचे तर त्यात फळ किमान 45 टक्के आणि विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर, किमान 65 टक्के असावे लागतात. दुसरा आकडा रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या हातात मावणाऱ्या उपकरणाने काचेवर एक थेंब ठेवून पाहता येतो. गटाने मिळून एक घेतला तर सर्वांचे काम होते. गोडी कमी असावी म्हणून साखर हात राखून घातली आणि आकडा 65 च्या खाली राहिला, तर बाटली लवकर बुरसते आणि नमुना तपासणीत ‘कमी दर्जाचा’ ठरतो. फुटलेली फळे चालतील, पण देठाकडून आंबू लागलेली किंवा चिलटे बसलेली चालणार नाहीत. अंजीर झाडावरून उतरल्यावर दोन दिवसांत उतरणीला लागते, तेव्हा रविवारी न खपलेला माल सोमवारी घरी नेऊन जॅमला वापरण्यापेक्षा तोडणीच्या दिवशीच फुटकी फळे बाजूला काढून शिजवणे चांगले. दुसऱ्या पदार्थाच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरू नयेत, कारण एकदा वापरलेली झाकणे पुन्हा हवाबंद बसत नाहीत.

बाटलीवर पदार्थाचे नाव, उतरत्या प्रमाणात घटक, निव्वळ वजन, करणाऱ्याचे नाव व पत्ता, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ आणि चौदा आकडी नोंदणी क्रमांक असावा. कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क या दोन गोष्टी वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांमुळे लागतात. ताज्या अंजिरांविषयीही एक सूचना करतो. टोपलीत वर्तमानपत्र घालण्याची सवय सोडावी, कारण 2018 च्या आवेष्टन नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात ठेवणे किंवा गुंडाळणे बंद केले आहे, आणि सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या फळाच्या बाबतीत तर ते सर्वथा योग्य आहे. अंजिराची पाने तळाशी पसरण्याची आपल्याकडची रीत त्याहून स्वच्छही आहे आणि देखणीही.

याच पत्रासोबत अनेकांनी ‘मग रेघ नेमकी कुठे?’ असे विचारले आहे. उसाची मोळी विकली तर तो शेतमाल. चरक लावून रस काढला तर अन्नव्यवसाय. कलिंगड अख्खे विकले तर शेतमाल. कापून फोडी ठेवल्या की नोंदणी, झाकण आणि स्वच्छ पाणी या तिन्ही गोष्टी आल्या. भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि उकडलेल्या शेंगा, मक्याचे कणीस आणि भाजलेले कणीस यांच्यातही हाच भेद आहे. गिरणीतून सडून आणलेला इंद्रायणी तांदूळ किंवा भरडलेली तूरडाळ यांविषयी वाद घालत बसण्यापेक्षा नोंदणी करून मोकळे व्हावे.

प्रश्न: आमचा महिला बचत गट सांगली जिल्ह्यातील आहे. हळद पावडर, मिरची पूड, कांदा-लसूण मसाला आणि लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल आम्ही विकतो. ग्राहकाला डबा उघडून वास दाखवतो आणि हवे तेवढे सुटे मोजून देतो. त्यांना हेच आवडते. एका ग्राहकाने हे बेकायदेशीर असल्याचे सांगितले. आमच्याकडे नोंदणी आहे, मग अडचण कसली?
– बचत गटाच्या अध्यक्षा, मिरज तालुका

उत्तर: ग्राहकाचे म्हणणे बरोबर आहे. नोंदणी असली तरी पूड केलेले मसाले बंद पाकिटाशिवाय विकता येत नाहीत, आणि खाद्यतेलाची सुटी विक्रीही 2011 च्या विक्रीविषयक निर्बंधांनी बंद केलेली आहे. राज्य शासनाने विशेष आदेशाने सूट दिली असेल तरच अपवाद. हळकुंडे, अख्खी मिरची, धणे, खोबरे सुटे विकायला हरकत नाही. ग्राहकाने स्वतःची मिरची कांडपावर नेऊन दळून आणणे ही सेवा झाली, विक्री नव्हे.

हा नियम घरगुती गटांना जाचक वाटतो हे मी समजू शकतो, कारण ज्या डब्यात भेसळ नाही त्यालाही तो लागू होतो. पण हळदीत लेड क्रोमेट आणि मेटॅनिल यलो हे अखाद्य पिवळे रंग, मिरचीत अखाद्य रंग मिसळण्याचे प्रकार इतके जुने आणि इतके सर्रास आहेत की पूड झालेल्या वस्तूचा माग लावायचा तर पाकिटावरचा पत्ता आणि बॅच क्रमांक यांखेरीज दुसरा आधार राहत नाही. आपल्या ग्राहकाला वास हवा आहे, तर तो देता येतो. त्याच बॅचची एक नमुना-बरणी ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून उघडी ठेवावी आणि विक्री 50, 100, 250 ग्रॅमच्या बंद पाकिटांतून करावी. तेलाच्या बाटलीवर घाण्याची तारीख ठळक लिहावी. घाण्याचे तेल घेणारा ग्राहक प्रथम तेच पाहतो.

सीलिंग यंत्र, लेबल आणि तपासणी यांचा खर्च गटाला पेलत नसेल, तर केंद्र शासनाच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची माहिती तालुका कृषी कार्यालयातून घ्यावी. तिच्यात बँककर्जाशी जोडलेले 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांतील सभासदामागे 40,000 रुपये बीजभांडवल अशी तरतूद ठेवलेली होती. ती सध्या कोणत्या स्वरूपात चालू आहे, ते विचारून मगच यंत्राची मागणी नोंदवावी. उलट क्रमाने गेलेले गट पुढे हप्त्यांत अडकतात.

प्रश्न: आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत दर शनिवारी शेतकरी बाजार भरवावा असा ठराव झाला आहे. यासाठी बाजार समितीची परवानगी लागते का? आणि येणारा माणूस खरोखर शेतकरी आहे की घाऊक बाजारातून माल उचलून आणणारा, हे कसे ओळखावे?
– गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे

उत्तर: पहिल्या प्रश्नाविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. 2016 च्या सुधारणेमुळेच शेतकऱ्याला ग्राहकाला थेट विकण्याची मुभा मिळाली, असे अनेक जण सांगतात. वस्तुस्थिती अशी की 1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याच्या कलम 6 मध्येच किरकोळ विक्री, शेतकऱ्याने स्वतःच्या मालाची केलेली विक्री आणि घरच्या वापरासाठी केलेली खरेदी यांना बाजार समितीच्या बंधनातून वगळलेले होते. 2016 मध्ये झाले ते असे की फळे आणि भाजीपाला, कांदा-बटाट्यासह, बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला आणि अडतीचा, म्हणजे अडत्याच्या दलालीचा, भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकण्यात आला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळामार्फत संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले आणि शहरांमध्ये जागा, वेळ व शेतकरी गट यांची सांगड घालण्याची एक रीत बसली. तेव्हा आपल्या आवारात भाजी-फळांच्या बाजारासाठी बाजार समितीकडे जाण्याचे कारण नाही. संस्थेच्या सभेचा ठराव, गाड्यांच्या व अग्निशमनाच्या वाटा मोकळ्या ठेवण्याची व्यवस्था आणि कचऱ्याची जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवणे, एवढे पुरे. बाजार पदपथावर किंवा रस्त्यावर येणार असेल तर मात्र महानगरपालिकेची परवानगी हवी, कारण तेथे 2014 चा पथविक्रेता कायदा लागू होतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते बाजार टिकतो की बुडतो ते त्यावरच ठरते. अन्न कायद्यातील सूट, ग्राहकाचा विश्वास आणि गावात परत जाणारा पैसा, या तिन्ही गोष्टी एकाच गृहीतावर उभ्या आहेत: मांडणीमागे उभा असलेला माणूस पिकवणारा आहे. ते गृहीत खोटे ठरले की उरतो तो आठवड्यातून एकदा भरणारा, थोडा महाग भाजीबाजार. दक्षिणेकडील राज्यांनी ही अडचण आधीच ओळखली होती. आंध्र प्रदेशात 26 जानेवारी 1999 रोजी रयतु बाजार सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मदुराईत तमिळनाडूचा पहिला उळवर संदै उघडला; दोन्ही नावांचा अर्थ शेतकरी बाजार असाच आहे. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्यांना छायाचित्रासह ओळखपत्रे देण्याची आणि दिवसाचे दर फलकावर लिहिण्याची पद्धत ठेवली गेली.

आपण संस्थेच्या पातळीवर याची छोटी आवृत्ती करू शकता. प्रत्येक विक्रेत्याकडून सातबाऱ्याचा उतारा घ्यावा आणि त्यातील पीकनोंद पाहावी. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवण्याची पद्धत, सुरू झाल्याने चालू हंगामाची नोंद मिळू शकते. अर्थात पाचसहा गुंठ्यांतील कोथिंबिरीची नोंद पुष्कळदा केलेलीच नसते, म्हणून केवळ उताऱ्यावर माणूस नाकारू नये. मांडणीच बरेच काही सांगते. एकाच टेबलावर सफरचंद, नागपुरी संत्री, ढोबळी मिरची आणि ब्रोकोली एकत्र दिसली, तर उतारा कोणाचाही असो, माल वाशीच्या घाऊक बाजारातून आला आहे. शेतकऱ्याच्या मांडणीत चार-पाचच वस्तू असतात, त्यांचे आकार एकसारखे नसतात, मेथीच्या मुळांना माती असते, आणि हंगाम सरला की वस्तू नाहीशी होते. वर्षातून एकदा संस्थेतील पाचदहा जणांनी त्यांच्या शेतावर जाऊन येणे ही सर्वांत स्वस्त पडताळणी आहे. गटाला इतरांचा माल आणायचाच असेल तर त्याला बंदी घालू नये, पण ‘आमच्या शेतातला’ आणि ‘इतर शेतकऱ्यांचा’ अशा दोन पाट्या लावायला सांगावे, आणि दुसऱ्या पाटीखालील मालासाठी नोंदणी मागावी.

प्रश्न: या बाजारांमुळे शेतकऱ्याला दुप्पट भाव मिळतो आणि ग्राहकाला निम्म्या दरात भाजी मिळते, असे भाषणांत ऐकतो. दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे? स्थानिक अर्थव्यवस्थेला खरोखर काही लाभ होतो का, की हा केवळ शहरी हौसेचा भाग आहे?
– निवृत्त बँक अधिकारी, सातारा

उत्तर: आपली शंका रास्त आहे. दरी मोठी आहे, हे मात्र खरे. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाने दिलेल्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे 33 टक्के, कांद्यात 36 आणि बटाट्यात 37 टक्के भरतो. केळीत तो 31, द्राक्षांत 35 आणि आंब्यात 43 टक्के आहे. पण उरलेले साठ-सत्तर टक्के म्हणजे सगळी दलाली असे समजणे चूक आहे. त्यात वाहतूक आहे, हमाली-तोलाई आहे, वाटेत सडलेला माल आहे आणि आपल्या गल्लीत सकाळपासून हातगाडी घेऊन उभ्या असलेल्या भाजीवाल्याची दिवसभराची मजुरीही आहे. शेतकरी स्वतः विकायला आला म्हणजे ही कामे नाहीशी होत नाहीत, ती त्याच्या अंगावर येतात.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, 200 किलो टोमॅटो बाजार समितीत गेले, किलोला 12 रुपये पट्टी (अडत्याकडून मिळणारे विक्रीचे पैसे) पडली आणि वाहतूक-हमालीचे 400 रुपये गेले, तर हातात 2,000 रुपये आले. तोच माल आठवडे बाजारात आणला, 150 किलो 25 रुपयांनी गेला आणि दुपारी उरलेले 50 किलो 10 रुपयांनी काढून टाकले, तर 4,250 रुपये झाले. आता शेतकरी एकटाच टेम्पो करून आला असेल तर 1,800 रुपये भाडे, दोन माणसांच्या दिवसाचे 1,000, जागेचे 100 आणि पिशव्या वगैरे 150 वजा जाऊन 1,200 रुपये उरतात, म्हणजे समितीपेक्षा कमीच. पाच जणांनी मिळून मोठा टेम्पो केला आणि दोन मांडण्यांमागे मिळून दोन माणसे बसली, तर भाड्याचे 500, मजुरीचे 500, जागेचे 100 आणि पिशव्यांचे 150 वजा जाऊन 3,000 रुपये राहतात. समितीपेक्षा हजार रुपये अधिक मिळाले ते गटामुळे. म्हणून ‘थेट विक्री’ या शब्दाने भारावून एकट्याने टेम्पो भरून निघू नये, असे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर किरकोळीत 35 रुपये असताना त्याला 25 रुपयांनी माल मिळाला. निम्मा दर नव्हे, पण फरक आहे. आणि सकाळी तोडलेला माल दोन दिवस अधिक टिकतो, ही बचत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

स्थानिक लाभ रुपयांच्या या फरकापेक्षा अधिक करून दुसरीकडे दिसतो. पैसा त्याच दिवशी रोख मिळतो, पट्टीची वाट पाहावी लागत नाही, आणि तो गावातच फिरतो: टेम्पोवाला गावचा, पहाटे जुड्या बांधणाऱ्या बायका गावच्या, क्रेट दुरुस्त करणारा गावचा. जी पिके घाऊक बाजारात विचारली जात नाहीत, कारण ती पोत्याने येत नाहीत, त्यांना येथे गिऱ्हाईक मिळते. चाकवत, अंबाडी, करडईची भाजी, पावटा, गावरान काकडी ही पिके काही शेतांत टिकून आहेत ती अशा विक्रीमुळे. शेतकऱ्याला गिऱ्हाईकाच्या तोंडून प्रत्यक्ष कळते की पुढच्या आठवड्यात काय आणायचे, आणि लागवडीचा निर्णय त्यावर होतो. फुटलेल्या अंजिराचा जॅम, उरलेल्या टोमॅटोची चटणी अशी प्रक्रिया तालुक्यातच सुरू झाली की मालाची वाढलेली किंमतही तालुक्यातच राहते. पहिल्या प्रश्नातील नोंदणीचा खटाटोप म्हणूनच सार्थकी लागतो.

मर्यादाही सांगितली पाहिजे. एखाद्या जिल्ह्याचा सगळा कांदा किंवा सगळा टोमॅटो असा विकला जाणे अशक्य आहे. मोठ्या प्रमाणावर एकच पीक घेणाऱ्याला बाजार समितीच लागणार, आणि तिची सुधारणा हा वेगळा, अधिक निकडीचा प्रश्न आहे. आठवडे बाजार हा प्रामुख्याने एक-दोन एकरांत सात-आठ प्रकारचा माल काढणाऱ्या, शहरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरात राहणाऱ्या शेतकऱ्याचा बाजार आहे.

प्रश्न: मी कल्याणमध्ये वीस वर्षे भाजीची गाडी लावतो. जवळच्या सोसायटीत रविवारी शेतकरी बाजार सुरू झाल्यापासून माझा आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस गेला. आमचा विचार कोणी करत नाही.
– एक भाजी विक्रेता, कल्याण

उत्तर: आपले नुकसान खरे आहे आणि ते ‘स्पर्धा’ म्हणून झटकून टाकू नये. आपल्या जागेला 2014 च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. विक्री प्रमाणपत्र घेतले नसेल तर ते प्रथम घ्यावे. फिरत्या विक्रेत्यासाठी असलेली अन्न नोंदणीही घ्यावी, कारण शेतकऱ्याची सूट आपल्याला लागू होत नाही. सोसायटीकडे दोन गोष्टी मागता येतील: बाजार दुपारी ठरलेल्या वेळी बंद व्हावा, आणि उरलेला माल पडत्या दराने ग्राहकांना न देता आसपासच्या विक्रेत्यांना एकत्र दिला जावा. दुसऱ्या सूचनेत शेतकऱ्याचाही फायदा आहे, कारण दुपारी घाईने दहा रुपयांनी काढला जाणारा माल आपण बारा-तेरा रुपयांनी उचललात तर आपल्याला सोमवारची घाऊक बाजाराची फेरी वाचते. शहराला सातही दिवस भाजी लागते, आणि त्यातले सहा दिवस ती आपण पुरवता.

प्रश्न: ‘सेंद्रिय’, ‘विषमुक्त’ अशा पाट्या जवळजवळ प्रत्येक मांडणीवर असतात. त्यांना काही आधार असतो का? आम्ही स्वतः रासायनिक खत वापरत नाही, पण प्रमाणपत्र नाही. आम्ही पाटी लावावी का?
– शेतकरी दांपत्य, संगमनेर

उत्तर: सेंद्रिय अन्नाविषयी 2017 चे स्वतंत्र नियम आहेत. सर्वसाधारणपणे ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचे तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडिया या सहभागी पद्धतीचे (जीत गटातील शेतकरी एकमेकांची शेते तपासतात) प्रमाणपत्र हवे. लहान मूळ उत्पादकाने थेट अंतिम ग्राहकाला केलेल्या विक्रीला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण त्याला ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय अन्नाचे चिन्ह वापरता येत नाही. तेव्हा आपण पाटी लावू शकता; ती खरी असली पाहिजे एवढेच. शेणखत कोठून आणले, जीवामृत केव्हा दिले, कीड आली तेव्हा काय फवारले याची वही ठेवावी आणि मागणाऱ्याला दाखवावी. शेजाऱ्याच्या फवारणीचे तुषार आपल्या पिकावर येत असतील तर तेही सांगावे. गटातील पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून पीजीएस घेतले तर खर्च फारसा येत नाही. ‘विषमुक्त’ ही पाटी मात्र मी लावणार नाही, कारण प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय ती सिद्ध करता येत नाही आणि शेजारच्या मांडणीवर विनाकारण आरोप होतो. ‘जांभळाच्या रसाने मधुमेह बरा होतो’ यासारख्या पाट्या तर ताबडतोब काढाव्यात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पिकवण्याविषयीही विचारणा होते म्हणून सांगतो: आंबा-केळी पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास बंदी आहे, तर ठरलेल्या प्रमाणात इथिलीन वायूला परवानगी आहे. आढीत पिकवलेल्या आंब्याला यांतले काहीच लागत नाही.

प्रश्न: शेतकऱ्यांचे काटे बरोबर असतात का? तक्रार कोठे करावी?
– एक ग्राहक, नाशिक

उत्तर: इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी आणि साध्या तराजूची व वजनांची दर 24 महिन्यांनी करून घ्यावी लागते, आणि हा नियम शेतकऱ्यालाही लागू आहे, अन्न कायद्यातील सूट येथे चालत नाही. काट्यावर पडताळणीचा शिक्का आणि सोबत प्रमाणपत्र असते, ते पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. पुष्कळदा काट्यात दोष नसतो, तर टोपलीचे वजन शून्य न करताच माल टाकला जातो. तेव्हा रिकामी टोपली ठेवल्यावर आकडा शून्य आहे ना, एवढे पाहावे. जुडी, नग किंवा वाट्याने विकलेल्या मालाला काट्याचा प्रश्न येत नाही. तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयाकडे करता येते. परंतु बाजार भरवणाऱ्यांनी प्रवेशाजवळ पडताळणी केलेला एक काटा ग्राहकांसाठी मोकळा ठेवला, तर बहुतेक वाद तेथेच मिटतात, आणि अशा काट्याची मागणी आपण आयोजकांकडे लेखी करावी.